किल्ली ठेवा आणि वर जा

बस शेवटच्या स्टॉपवर येऊन थांबते, ड्रायव्हर इंजिन बंद करून आळस देतो, आणि उतरणाऱ्याला समोर दोनच गोष्टी दिसतात: एक डोंगर आणि एक चहाचं दुकान. डोंगराची वाट दुकानाच्या दारावरून जाते. वाट सरकारी आहे, तिच्यावरून जायला कुणाची परवानगी लागत नाही. पण दुकानात मावशी असते, आणि मावशीचा डोळा चुकवून वर गेलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही.

दुकान म्हणजे एक लाकडी खोली. आत दोन लांब बाकं, मधोमध लोखंडी शेगडी, तिच्यावर दिवसभर उकळणारं पाणी, खिडकीजवळ भिंतीला लावलेला टेलिफोन, आणि शेगडीमागच्या भिंतीवर ती फळी. फळीवर चोवीस खिळे, प्रत्येकाखाली पांढऱ्या रंगात आकडा. वर ठळक अक्षरांत लिहिलंय: 'किल्ली ठेवा आणि वर जा'. रंगवणाऱ्यानं विचारलं होतं, मावशी, 'कृपया' लिहू का? मावशी म्हणाली, "जागा वाया घालवू नकोस."

पद्धत सोपी. वर जाणाऱ्यानं आपल्या घराची किल्ली मावशीकडे द्यायची आणि परत कधी येणार ते सांगायचं. मावशी किल्ली खिळ्याला लावते, शेजारी खडूनं वेळ लिहिते. खाली आलात की किल्ली घ्या आणि चालू लागा. पूर्वी वनखात्यानं तिथे एक वही ठेवली होती. जाताना सही, येताना सही. जाताना सगळे झोकात सही करायचे. येताना पाय दुखत असायचे, बस सुटत असायची, सही करतो कोण? त्या वहीवर विश्वास ठेवला तर निदान दोनशे माणसं अजून डोंगरावरच आहेत. किल्ली मात्र कुणी विसरत नाही, कारण ती विसरून घरी गेलं की स्वतःच्याच दारात उभं राहावं लागतं.

एकदा एका आजोबांकडे किल्लीच नव्हती. सून घरी असते म्हणाले. मावशी म्हणाली, मग दुसरं काहीतरी ठेवा, ज्याच्यावाचून तुमचं अडेल. आजोबांनी दोन मिनिटं विचार केला आणि कवळी काढून दिली. मावशीनं ती खिळ्याला लावली नाही, तेवढी लाज तिला आहे. पेल्यात पाणी घालून त्यात ठेवली. आजोबा सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी खाली आले. भूक लागली होती.

किल्ली घेण्याआधी तपासणी असते. ती टळत नाही. "बूट दाखवा. असे नाही, तळवा दाखवा. हा काय, गुळगुळीत झालाय की! शिट्टी आहे? बॅटरी आहे? दुपारी परत येणार म्हणून बॅटरी नाही आणली? दुपार तुम्हाला विचारून संपणार आहे का?" मग सुती बनियनवर एक प्रवचन. सुती कापड घाम पितं आणि ऊन गेलं की तोच घाम अंगावर गार पडतो, लोकरीचं घाला. आणि शेवटी ओढा. हिवाळा नुकताच सरलेला, वर अजून बर्फ, खाली कोवळं ऊन, झाडांना पालवी. अशा दिवसांत माणसं पिसाटल्यासारखी डोंगराकडे धावतात, आणि नेमका तेव्हाच ओढा सगळ्यात लबाड असतो. त्याच्यावरचा लाकडी पूल दरवर्षी हिवाळ्यात वाहून जातो आणि उन्हाळ्यात पुन्हा बांधतात. मधले दोन महिने दगडांवरून उड्या मारत जायचं. सकाळी पाणी घोट्याएवढं. दुपारी उन्हानं वरचा बर्फ वितळला की तोच ओढा कमरेला लागतो आणि माणूस उचलून नेतो.

"एक वाजायच्या आत ओढ्याच्या अलीकडे यायचं," मावशी सांगते. "नाही जमलं तर पलीकडेच बसायचं. कोरड्या जागी. पाण्यात पाय घालायचा नाही. तीन शिट्ट्या मारायच्या, मिनिटभर थांबायचं, पुन्हा तीन. आम्ही येतो. मेलेल्या माणसापेक्षा उपाशी माणूस उचलायला हलका पडतो."

यावर लोकांचं उत्तर ठरलेलं असतं. "हो मावशी. जातो आणि येतो."

हे तीन शब्द ऐकले की मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जाते. "जातो आणि येतो म्हणे! डोंगर काय परसात आहे? भाजी तोडून आणताय?"

तिच्या माघारी लोक तिला जेलर म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही.

आता ही किल्ल्यांची भानगड तिच्या डोक्यात आली कुठून? पंधरा वर्षांपूर्वी फळी नव्हती, शेगडीमागे टोप्या-मोजे वाळत घालायला एक खिळा होता, बस. एक कॉलेजातला मुलगा सकाळी ओली टोपी तिथे अडकवून गेला. म्हणाला, संध्याकाळी नेतो. संध्याकाळी मावशीनं दुकान बंद करताना टोपी पाहिली. वाटलं, विसरला वेंधळा, मधल्या बसनं गेला असेल. घरी गेली, जेवली, झोपली. मुलगा तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या खालच्या अंगाला सापडला. त्याची आई येऊन टोपी घेऊन गेली. त्याच आठवड्यात तिनं सुतारदादाला बोलावलं आणि म्हणाली, मला चोवीस खिळ्यांची फळी करून दे. तेव्हापासूनचा नियम असा की फळीवर एक जरी किल्ली असली तरी दुकान बंद होत नाही. मग सात वाजोत नाहीतर आठ.

या नियमाचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला झाला असेल तर तो तिच्या नवऱ्याला. त्यांना सगळे काका म्हणतात. काका बसडेपोत टायर बसवतात. चांगला सरळ माणूस, पण किल्ली म्हटली की त्यांच्या हाताला भोकं पडतात. घराची पहिली किल्ली त्यांनी कुठल्याशा बसच्या टायरात घालवली. ती बस अजून धावते. दुसरी विहिरीत पडली. तिसरी घरात विसरून बाहेरून दार ओढून घेतलं. तेव्हा मावशीनं हात टेकले. नऊ वर्षं झाली, घराला एकच किल्ली आहे, आणि ती मावशीच्या स्वेटरच्या खिशात असते. पाचला दुकान बंद, साडेपाचला मावशी घरी, पावणेसहाला काका दारात. काका आले आणि दार बंद, असं व्हायचंच नाही. दुकानाला उशीर होणार असेल तर मावशी डेपोत फोन करते, आणि काका बडबडत तिथेच येऊन बाकावर बसतात.

"लोकांच्या घरांची काळजी. स्वतःच्या घराला कुलूप," काका म्हणतात.

"अहो, चहा घ्या आणि गप्प बसा," मावशी म्हणते.

इतकी वर्षं हे सुरळीत चाललं होतं. मग दातांचे डॉक्टर आले.

डॉक्टरांचा दवाखाना गावात बाजाराच्या तोंडाशी. माणूस उत्साही. आठवड्यातून एकदा सकाळच्या पहिल्या बसनं यायचा, तरातरा वर जायचा आणि दोनच्या आत दवाखान्यात हजर. मावशीचं तपासणी घेणं त्यांना सोसवत नसे, कारण तपासणी घ्यायची सवय त्यांना स्वतःला होती. तो हिशेब ते चुकता करायचे. "मावशी, तुम्ही एकाच बाजूनं चावता. डावीकडची दाढ किडली आहे. कधी येताय?"

"तुम्ही ओढ्याचं ऐका, मग मी दाढेचं ऐकते," मावशी म्हणायची, आणि डाव्या गालावरचा हात पटकन खाली घ्यायची.

मागच्या वर्षी एके दिवशी डॉक्टर किल्ली ठेवून गेले आणि आलेच नाहीत. दोन वाजले, चार वाजले. मावशीनं सुतारदादाला फोन केला. सुतारदादा म्हणजे गावातल्या मदतपथकाचा म्होरक्या. पथकात तो, त्याचे दोन भाऊ, बेकरीवाला आणि पोस्टमन. पाचही जण हातातली कामं टाकून भर पावसात वर चढले, ओढ्याकाठी ओरडून ओरडून घसा बसवला, गुडघाभर चिखलात दोन तास हिंडले. आणि डॉक्टर? डॉक्टर डोंगराच्या पलीकडच्या अंगानं उतरून, तिकडची बस धरून घरी गेले होते. बायकोनं दार उघडलं. दुसऱ्या दिवशी हसत हसत किल्ली न्यायला आले. वर म्हणाले, "अहो, तेवढ्यासाठी एवढी बोंबाबोंब!"

बेकरीवाल्याचा त्या दिवसाचा सगळा पाव जळला होता. सुतारदादा मावशीसमोर उभा राहिला, डोक्यापासून पायापर्यंत चिखल. "मावशी, तुला मान आहे म्हणून ऐकतो. पण हे पुन्हा झालं तर माझी माणसं यायची नाहीत. यापुढे स्वतः खात्री केल्याशिवाय फोन करायचा नाही. आणि पुन्हा असला पोरखेळ झाला तर ही फळी मीच उपटून नेईन. मीच ठोकली होती."

त्या रात्री मावशीला जेवण गेलं नाही. फळी गेली तर पुन्हा तोच एक खिळा उरणार होता, आणि त्याच्यावरची ती टोपी.

यंदा पालवी फुटली आणि डॉक्टर पुन्हा हजर झाले. पहिली बस, नवे बूट, गळ्यात दुर्बीण. किल्ली मावशीच्या हातावर ठेवत म्हणाले, "बारा वाजता परत. आजच्या दिवस पलीकडून उतरत नाही, वचन. तुमची दाढ काय म्हणते?"

"तिची काळजी नको. ओढा लक्षात आहे ना?"

"ओढा, शिट्टी, लोकर, सगळं आहे. जातो आणि येतो," डॉक्टर दारातूनच म्हणाले, आणि मावशीनं हातातला खडू मोडला.

बारा वाजले. साडेबारा. आकाश लख्ख, ऊन चांगलं तापलेलं, आणि तेच वाईट. खिळा क्रमांक सात. मावशी भांडी घासत होती आणि नजर सातवर. एक वाजला तेव्हा तिनं डॉक्टरांच्या घरी फोन केला. बायको म्हणाली, अजून आले नाहीत, पण ते कधी कुठे असतात मला तरी कुठे ठाऊक असतं. दवाखान्यात केला. कंपाउंडर म्हणाला, दोन पेशंट तोंड धरून बसलेत. मग तिनं मन घट्ट करून सुतारदादाला केला.

"कोण, दातवाले?" सुतारदादा पलीकडून म्हणाला. मागे रंध्याचा आवाज येत होता. "मावशी, मावशी! आता पलीकडच्या बसमध्ये झोपा काढत असतील. तू आधी खात्री कर, मग मला सांग." आणि फोन ठेवला.

खात्री. कशी करायची खात्री? इथे बसून? मावशीच्या नाकावर राग तर कायमचाच, आता तो डोक्यात शिरला. तिनं चहाची शेगडी विझवली, दुकानात बसलेल्या एकुलत्या एका ड्रायव्हरला बाहेर काढलं, पिशवीत शिट्टी, बॅटरी, लोकरीची शाल, प्लास्टिकचा कागद आणि बिस्किटांचे दोन पुडे कोंबले, दाराला कुलूप ठोकलं आणि तरातरा निघाली. "येऊ दे खाली," ती वाटेत स्वतःशी बोलत होती. "दुर्बीण गळ्यातच आवळते त्याच्या."

ओढा पाऊण तासावर. ती पोचली तेव्हा दोन वाजून गेले होते, आणि पाणी दुसऱ्या दगडाच्या डोक्यावरून जात होतं. नियम काय? एकनंतर ओलांडायचं नाही. पंधरा वर्षं कंठशोष करून सांगितलेला नियम. पण पलीकडे ओल्या मातीत नव्या बुटांचे ठसे होते, वर जाणारे. उतरणारे नव्हते. म्हणजे माणूस वरच होता, आणि पलीकडून उतरणार नाही असं वचन देऊन गेला होता. आता मागे फिरून फोन करायला हवा होता. खात्री झाली होती! पण पाऊण तास खाली, मग फोन, मग पथक वर येणार, तोवर ओढा कुणालाच जाऊ देणार नाही. मावशीनं पदर खोचल्यासारखं स्वेटरचं टोक खोचलं, दगडांकडे बघितलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "जाते आणि येते."

ऐकणारं कुणी नव्हतं म्हणून बरं.

डॉक्टर अर्ध्या तासाच्या चढावर सापडले. डोंगराच्या सावलीतल्या बाजूला सकाळी बर्फ दगडासारखा असतो. त्याच्यावरून ते ऐटीत गेले. परत येताना तोच बर्फ मऊ झालेला. एक पाय मांडीपर्यंत आत गेला आणि खालच्या दोन दगडांत अडकून मुरगळला. बाहेर काढायला त्यांना तास लागला होता. आता ते त्याच बर्फावर बसून थरथरत होते आणि अंगात, देवाशप्पथ, सुती बनियन.

"मावशी?" ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी शिट्टी नाही आणली."

मावशीनं सगळं भाषण तयार ठेवलं होतं. तो चेहरा बघितला आणि भाषण गिळलं. "आधी बर्फावरून उठा. पिशवीवर बसा. बूट काढू नका, काढला तर सूज येऊन पुन्हा आत जायचा नाही." तिनं घोटा बुटावरूनच आपल्या गळ्यातल्या मफलरनं आवळून बांधला, त्यांचं भिजलेलं बनियन काढायला लावलं, शाल गुंडाळली आणि बिस्किटं हातात दिली. मग एका खांद्यावर डॉक्टर आणि दुसऱ्या हातात काठी, अशी ती वरात निघाली. अर्ध्या तासाच्या उताराला दीड तास लागला.

ओढ्याचा आवाज आधी आला. मग ओढा दिसला. दगड गायब. तपकिरी पाणी फेसाळत, झाडाच्या फांद्या घेऊन पळत होतं.

"उडी मारूया?" डॉक्टर म्हणाले.

"एका पायानं?"

"मग काय करायचं?"

"बसायचं," मावशी म्हणाली, आणि बसली. कोरडा खडक निवडला, खाली पिशवी, वर प्लास्टिकचा कागद. तीन शिट्ट्या मारल्या, मिनिटभर थांबली, पुन्हा तीन. सगळं नियमाप्रमाणे. तिला बरंसुद्धा वाटायला लागलं. शिट्टी परत खिशात ठेवली, आणि बोटांना काहीतरी गार लागलं.

तिनं ते बाहेर काढलं. घराची किल्ली.

फळीवर चोवीस खिळे, आणि तिची किल्ली खिशात. खडूनं वेळ लिहिली नाही. डेपोत फोन केला नाही. ड्रायव्हरला 'ऊठ, बाहेर हो' एवढंच म्हणाली, कुठे चालली ते सांगितलं नाही. सुतारदादा समजत होता की ती खात्री करतेय, म्हणजे फोनवर. अख्ख्या जगात एकाही माणसाला ठाऊक नव्हतं की मावशी ओढ्यापलीकडे बसली आहे.

"खाली सांगून आलात ना?" डॉक्टरांनी बिस्कीट चावत विचारलं.

"हो तर," मावशी म्हणाली.

तीन शिट्ट्या. मिनिटभर शांतता. ऊन डोंगराच्या डोक्यावर गेलं आणि गारठा पायाखालून वर यायला लागला.

"कुणाला सांगितलंत?"

मावशीला खोटं फार वेळ सांभाळता येत नाही. तिनं किल्ली त्यांच्यासमोर धरली. डॉक्टरांनी किल्लीकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, आणि तोंडातलं बिस्कीट तसंच राहिलं.

"पंधरा वर्षं," ते हळूच म्हणाले, "पंधरा वर्षं तुम्ही आमचे बूट उलटे करून बघताय..."

"बोला. बोला काय बोलायचंय ते. माझीच चूक आहे." तिनं किल्ली खिशात कोंबली. "रागात निघाले. तुमच्यावरच्या रागात."

डॉक्टर म्हणाले, "मी त्या दिवशी हसायला नको होतं. बेकरीवाल्याचा पाव जळला, मला कुणी सांगितलंसुद्धा नाही." मग शालीचं एक टोक तिच्या खांद्यावर टाकलं. "बिस्कीट घ्या. उजव्या बाजूनं चावा."

"गप्प बसा," मावशी म्हणाली, आणि उजव्या बाजूनं चावलं.

साडेसहा झाले. मावशीनं बॅटरी काढली, पण लावली नाही. अंधार पडल्यावर लागणार होती. तिला भीती वाटत होती आणि ती भीती बुडायची नव्हती. तिला सारखी ती टोपी दिसत होती. त्या मुलानंही अशाच शिट्ट्या मारल्या असतील, नाहीतर नुसत्या हाका. आणि आपण खाली दार लावून घरी गेलो. आता कोण बघणार? फळी बघणारी एकच बाई होती, आणि ती इथे बसली होती.

तीन शिट्ट्या.

आठ वाजून गेल्यावर, काळोखात, ओढ्याच्या आवाजातून पलीकडून काहीतरी आलं. मावशीनं श्वास रोखला. पुन्हा आलं. तीन.

मग उजेड. एक, दोन, पाच बॅटऱ्या झाडांतून उतरल्या. पुढे सुतारदादा, खांद्यावर लांब शिडी. मागे भाऊ, बेकरीवाला, पोस्टमन दोराचं वेटोळं घेऊन. आणि सगळ्यांच्या मागे, डेपोतली तेलकट डांगरी घातलेला, धापा टाकणारा, जन्मात कधी डोंगर न चढलेला एक माणूस. त्याच्या हातात डेपोतला मोठा दिवा होता आणि तो तिच्या तोंडावर मारून तो गर्जला, "तिथेच बस! पाण्यात पाय घालशील तर बघ!"

"घालत नाहीये!" मावशी इकडून ओरडली. मग तिला रडूच आलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं.

वरच्या अंगाला जिथे ओढा दोन खडकांत अरुंद होतो तिथे शिडी आडवी टाकली, कमरेला दोर बांधले, आणि आधी डॉक्टर, मग मावशी, रांगत अलीकडे आले. काकांनी तिचा दंड धरला तो खाली येईपर्यंत सोडला नाही.

"तुम्हाला कळलं कसं?" तिनं वाटेत विचारलं.

उत्तर सुतारदादानं दिलं. "आला माझ्याकडे धावत. म्हणाला, पथक काढ. मी म्हटलं, खात्री केलीस का? तर माझी कॉलर धरून म्हणतो, माझ्या घराचं दार बंद आहे आणि तिच्या फळीवर किल्ली लटकतेय, खिडकीतून बघून आलो. फळीवर किल्ली असताना ती दुकान बंद करून कुठे जात नाही, आणि मी आल्यावर दार बंद असत नाही. आणखी कसली खात्री पाहिजे तुला?"

खाली पोचले तेव्हा दुकानाच्या दाराच्या कडीला काहीतरी लटकत होतं. मावशीनं बॅटरी मारली. टायर बसवायचा भला मोठा पाना.

"हे काय?"

काका दुसरीकडे बघायला लागले. "वर जायच्या आधी काहीतरी ठेवायचं असतं ना? माझ्याकडे किल्ली कुठे आहे?"

पुढचं सगळं झालं तसं झालं. डॉक्टर दोन आठवडे काठी घेऊन हिंडले आणि बेकरीवाल्याचे चार दात फुकटात भरून दिले. मावशी दाढ दाखवायला गेली, तर डॉक्टरांनी आधी हात पुढे केला. "किल्ली ठेवा आणि आत या. मधेच पळून जाता तुम्ही." सुतारदादा फळी उपटायला आला नाही. आला तो हातोडी घेऊन, आणि शेवटी एक पंचविसावा खिळा ठोकून गेला. "हा तुझा," म्हणाला.

मावशीनं त्याच दिवशी बाजारातून घराची दुसरी किल्ली करून आणली. काका संध्याकाळी दुकानात आले तेव्हा चहाच्या कपाशेजारी ठेवली.

काकांनी किल्लीकडे बघितलं आणि ती परत तिच्याकडे सरकवली. "नको."

"का? हरवेल म्हणून? हरवू दे, आणखी एक करू."

"हरवेल हे तर खरंच," काका म्हणाले. "पण ते नाही. त्या दिवशी माझ्याकडे किल्ली असती तर मी दार उघडून आत गेलो असतो. गरम करून जेवलो असतो. म्हटलं असतं, बसली असेल कुणाच्यातरी किल्लीची वाट बघत. आणि झोपलो असतो."

मावशीनं ती किल्ली उचलली. मग शेगडीचं झाकण उघडलं आणि ती निखाऱ्यांत टाकून दिली.

"चहा गार होतोय," ती म्हणाली. "घ्या, आणि घरी चला."